शंभर मैलांचा आठवडा: आर्थर लिडिअर्डने काहीच लपवलं नाही

आजच्या भागात आपण जाणार आहोत १९६० च्या रोम ऑलिंपिकला. तारीख २ सप्टेंबर, ८०० मीटरची फायनल. जागतिक विक्रम बेल्जियमच्या रॉजर मोएन्सच्या नावावर, त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. शेवटच्या काही मीटरमध्ये आतल्या बाजूने न्यूझीलंडचा २१ वर्षांचा पीटर स्नेल घुसतो आणि जिंकतो. त्याच दुपारी, थोड्याच वेळात, ५००० मीटरचं सुवर्ण मरे हॅलबर्गला. तोही न्यूझीलंडचा. आठ दिवसांनी मॅरेथॉनमध्ये बॅरी मॅगीला कांस्य.

अंतरं तीन, पण कोच एकच: आर्थर लिडिअर्ड. ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम केलेला माणूस. ना लॅब, ना डिग्री. प्रयोग केले ते स्वतःच्या पायांवर. वर्षानुवर्षं अंतर कमी-जास्त करून तो या निष्कर्षावर आला की आठवड्याला साधारण १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, हा आकडा बरोबर बसतो.

आता यात विशेष काय? त्या काळात जोर होता इंटरव्हलचा. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलरने रुडॉल्फ हार्बिगला याच पद्धतीने तयार केलं होतं, आणि हार्बिगने १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून दाखवले होते. इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टरसुद्धा ४४० यार्डांच्या दहा-दहा फेऱ्या मारायचा. लिडिअर्डने इंटरव्हल फेकून दिले नाहीत, त्यांची जागा बदलली. आधी कित्येक आठवडे नुसतं लांब पळणं. मग टेकड्यांवर चढाचे व्यायाम. मग ट्रॅकवरचे इंटरव्हल. शेवटी शर्यतीआधी वेगाला धार लावायची आणि अंतर कमी करायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, पाया कच्चा असेल तर वर कितीही फीचर चढवा, लोड आला की सिस्टिम बसते. तसंच.

आणि लोड होताच. रोममध्ये स्नेलला तीन दिवसांत चार वेळा ८०० मीटर पळावे लागले. एकच शर्यत असती तर त्याच्यापेक्षा चपळ माणसं होती. पण चौथ्या शर्यतीच्या शेवटी पायात जीव कुणाच्या उरला होता, हा खरा प्रश्न होता.

या पद्धतीचं काळीज होतं रविवारी. ऑकलंडबाहेर वायतारुआच्या डोंगररस्त्यावर २२ मैलांची फेरी. ८०० मीटरवाला आणि मॅरेथॉनवाला, सगळे एकत्र. नवा पोरगा जुन्यांच्या मागे धापा टाकत शिकायचा. वेळापत्रक कागदावर होतं, पण शिक्षण या रस्त्यावर व्हायचं.

आता मुद्दा येतो वाटून घेण्याचा. लिडिअर्डने काहीच लपवलं नाही. १९६२ मध्ये त्याचं पुस्तक आलं, त्यात सगळं मांडलेलं. अमेरिकेतल्या ओरेगॉनचे कोच बिल बोवरमन न्यूझीलंडला आले, तिथे मध्यमवयीन लोकांना सावकाश पळताना पाहिलं आणि ‘जॉगिंग’ घरी घेऊन गेले. हेच बोवरमन पुढे नायकीचे सहसंस्थापक. नंतर लिडिअर्ड फिनलंडला गेला आणि तिथल्या कोच मंडळींना शिकवलं.

परिणाम? १९७२, म्युनिक. ५००० आणि १०,००० मीटरमध्ये फिनलंडचा लासे विरेन पहिला. १५०० मीटरमध्ये फिनलंडचाच पेक्का वासाला पहिला. फिनलंडच्या या पुनरागमनाचं बरंच श्रेय लिडिअर्डला दिलं जातं. आणि त्या १५०० मीटरमध्ये तिसरा कोण? न्यूझीलंडचा रॉड डिक्सन.

म्हणजे घरची विद्या बाहेर गेली आणि घरच्याच पोराच्या पुढे निघाली. मग लपवायला हवी होती का? मला नाही वाटत. कारण वेळापत्रक मिळालं म्हणून पद्धत मिळत नाही. कित्येकांनी फक्त १०० मैलांचा आकडा उचलला आणि रमतगमत पळत राहिले. लिडिअर्डचं लांब पळणं मात्र चांगलं दमदार असायचं, नुसतं रेंगाळणं नव्हे. फिनलंडकडे आकडा नाही, माणूस गेला होता. प्रश्न विचारता आले, चुका तिथल्या तिथे सुधारता आल्या.

स्नेल तर पुढे अमेरिकेत जाऊन व्यायामशास्त्रात पीएचडी झाला. कोचने पायांनी शोधलेलं उत्तर नेमकं का बरोबर आहे, हे तो प्रयोगशाळेत तपासत राहिला. लपवलेल्या विद्येला असे विद्यार्थी मिळत नाहीत.

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात.