सन २०००: दोन दरवाजे आणि एक रांग

‘परदेशात जायचंय, पण कुठे?’ हा प्रश्न सॉफ्टवेअरवाल्या प्रत्येक घरात कधी ना कधी निघतोच. आज आपण त्यासाठी थेट २००० सालात जाऊया. वायटूकेचं काम नुकतंच संपलं होतं आणि भारतीय प्रोग्रॅमरला जगभर मागणी होती.

फेब्रुवारीत हॅनोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात जर्मनीचे चॅन्सलर गेरहार्ड श्र्योडर यांनी जाहीर केलं, की आयटीवाल्यांना ‘ग्रीन कार्ड’ देऊ. ऑगस्टपासून योजना सुरू झाली. परवाने २०,०००, मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. म्हणजे नाव ग्रीन कार्ड, पण कायम राहण्याची हमी नाही! त्यात युर्गेन रुट्टगर्स या नेत्याच्या प्रचाराला ‘किंडर श्टाट इंडर’ अशी घोषणा चिकटली. अर्थ काय, तर भारतीय नकोत, आपली मुलं घडवा. मे महिन्यात ते निवडणूक हरले, पण ऐकणाऱ्यांनी ऐकायचं ते ऐकलंच.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने एच-वन-बीची वार्षिक मर्यादा तीन वर्षांसाठी १,९५,००० केली. भाषा इंग्रजी, पगार डॉलरमध्ये, ओळखीची माणसं आधीच तिथे. मग जर्मनीला कोण जाणार? बहुतेकांनी अमेरिका निवडली, आणि त्यात काही चुकलं असं म्हणता येत नाही.

पण गंमत बघा. याच अमेरिकन कायद्यात आणखी एक कलम होतं. एच-वन-बीची मुदत एरवी सहा वर्षांची. ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत अडकला असेल, तर ती पुढे वाढवून मिळू लागली. दिलासाच होता तो! मात्र १९९० च्या कायद्याने एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या एकूण कोट्यातली जेमतेम ७ टक्के ग्रीन कार्डं ठेवली होती. आत यायचा दरवाजा रुंद, पुढचा बोळ तेवढाच अरुंद. गर्दी झाली. आज भारतीयांची रांग दहा वर्षांहून जास्त लांब आहे. मुलं २१ वर्षांची झाली, की बहुतेकदा आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. एच-फोरवरच्या जोडीदारांना काम करायची मुभा मिळाली ती २०१५ मध्ये, आणि तीही सगळ्यांना नाही. नोकरी गेल्यावर ६० दिवसांची सवलत नियमात आली २०१७ मध्ये.

आणि जर्मनी? २०१२ मध्ये तिथे युरोपियन ब्लू कार्ड आलं. ३३ महिन्यांत कायम वास्तव्याचा हक्क, आणि बी-वन पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत. अटी होत्या, पण तारीख कागदावर होती. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात क्लास लावणाऱ्याला त्या बी-वनचं मोल वेगळं सांगायला नको.

म्हणून जर्मनी चांगली आणि अमेरिका वाईट, असं मी म्हणत नाहीये. नियम दोन्हीकडे बदलतात, पुन्हाही बदलतील. पण ऑफर हातात आली, की आपण पगार, कर आणि घरभाडं यांचा हिशोब मांडतो. त्याच कागदावर आणखी तीन ओळी लिहा: नोकरी गेली तर किती दिवस राहता येईल? जोडीदाराला काम करता येईल का? आणि कायमचं कधी होणार, त्याची तारीख आहे की नुसती रांग?

२००० साली हे प्रश्न विचारायला कुणाला सवड नव्हती. तुम्हाला आहे. भेटूया पुढच्या भागात.