मेस्त्री, पेंटर आणि आर्टिस्ट

परकी राजवट आली की परके शब्द येतात, ही गोष्ट नवी नाही. पण काही शब्द केवळ नाव घेऊन येत नाहीत. ते माणसांची नवी वाटणी घेऊन येतात. ‘आर्टिस्ट’ हा अशांपैकी एक शब्द आहे. आज तो आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की गडहिंग्लजच्या बाजारात कोणी गणपतीच्या मूर्ती रंगविणाऱ्याला आर्टिस्ट म्हटले, तर कोणाला ते इंग्रजी वाटत नाही. या शब्दाने कोणाला वर काढले आणि कोणाला मागे ठेवले, याचा विचार करावा, एवढाच आजच्या विषयाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या घरचे शब्द पाहू. गावगाड्यात कला करणारा असा वेगळा माणूस नव्हता. सुतार, लोहार, कुंभार, सोनार होते आणि त्यांना मिळून ‘कारू’ म्हणत. कारू म्हणजे करणारा, घडविणारा. शिल्पी हा शब्दही मुळात याच अर्थाचा. वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कला मोजल्या, त्यांत गीत, नृत्य व आलेख्य यांच्याच पंक्तीला तक्षण, म्हणजे सुतारकाम, आणि वास्तुविद्याही बसल्या आहेत. तेव्हा शास्त्राने भेद केला नव्हता. भेद होता तो समाजाच्या मानपानात. सुताराने देवळाचा कोरीव खांब घडविला तरी बलुते त्याला सुताराचेच मिळे.

इंग्रजी शब्दाचा इतिहासही याहून फार निराळा नाही. त्याचे मूळ लॅटिन ‘आर्स’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ कौशल्य. आरंभी आर्टिस्ट म्हणजे एखाद्या विद्येत निष्णात असलेला पुरुष. वैद्य व विद्यापीठातील पंडित हेही आर्टिस्टच असत. आपल्या महाविद्यालयांतील ‘आर्ट्स’ची शाखा ही त्या जुन्या अर्थाची खूण आहे, नाहीतर इतिहास शिकणाऱ्या मुलाचा आणि रंगाच्या कुंचल्याचा संबंध काय? पुढे अठराव्या शतकात युरोपात ललितकला व हस्तव्यवसाय यांची फारकत झाली. लंडनची रॉयल अकादमी १७६८ साली स्थापन झाली, ती याच विचाराच्या भरात. चित्रकार हा आर्टिस्ट आणि लाकूड तासणारा तो कारागीर, अशी रेघ पक्की झाली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी फ्रेंचांकडून तोच शब्द पुन्हा उसना घेतला, शेवटी एक अक्षर जास्त लावून. आणि तो गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना, रंगभूमीवरच्या माणसांना लावला. मराठीत येताना हे दोन्ही एकाच उच्चारात मिसळून गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघाले आणि ही रेघ आपल्या प्रांतातही ओढली गेली. तेथे शिकून आलेले आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या पदरी दरबारी चित्रकार झाले. रंकाळा आणि कोटितीर्थ यांची त्यांची निसर्गचित्रे कोल्हापूरचे भूषण ठरली. पण कोल्हापूरची खरी कथा शाळेची पायरी न चढलेल्या माणसांची आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिराचे. हे ‘मेस्त्री’ आडनाव पाहावे: ते पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आले आणि त्याचे मूळ लॅटिन ‘मॅजिस्टर’, म्हणजे गुरू, यात आहे. याच मुळापासून इंग्रजीतला ‘मास्टर’ झाला. म्हणजे मास्टर दीनानाथ, मास्टर विनायक यांचा ‘मास्टर’ आणि आपल्या दाराची चौकट बसविणारा मेस्त्री हे शब्दांच्या वंशावळीत सख्खे भाऊ. पण एक रंगमंचावर चढला आणि दुसरा हातात करवत घेऊन अंगणात उभा राहिला.

बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. त्या कामाने लोकांनीच त्यांना ‘पेंटर’ केले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले. पुढे दोघांना चलच्चित्राचा ध्यास लागला. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तो स्वतः घडवायचे ठरले. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने काम तडीस नेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल पुरविले ते तानीबाई कागलकर या स्त्रीने. १९२० साली ‘सैरंध्री’ आला, १९२५ साली ‘सावकारी पाश’. जाहिरातींची चित्रे काढणारे, पुतळे घडविणारे, यंत्र जुळविणारे हात एकच होते. येथे मेस्त्री कोठे संपतो आणि आर्टिस्ट कोठे सुरू होतो, हे कोणी दाखवावे! पेंटर हे त्यांचे नाव पाटीवर राहिले. लोकांनी पुढे ‘कलामहर्षी’ ही पदवी दिली. पोर्तुगीज आडनाव, इंग्रजी उपनाव आणि संस्कृत पदवी, अशी एकाच माणसाची तीन नावे. परंतु पहिल्या नावातले कसब नसते, तर कॅमेरा तयार झाला नसता आणि तिसरे नावही मिळाले नसते.

आता दुसरी बाजू. अकबराच्या दरबारात ‘कलावंत’ हा थोर गवयाचा दर्जा होता. तोच शब्द स्त्रीलिंगी झाला, ‘कलावंतीण’ झाला, की त्याचा मान उतरला. विद्या तीच, गळा तयार करण्याची तपश्चर्या तीच. एका प्रत्ययाने प्रतिष्ठेचा कलंक झाला. कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँ यांची तालीम केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनी घेतली. दोघीही गोमंतकातील ज्या समाजातून आल्या, त्याने असली जुनी नावे टाकून ‘गोमंतक मराठा समाज’ हे नाव धारण केले. ते केवळ नामांतर नव्हते. माणूस म्हणून उभे राहण्याचा तो निर्धार होता. अशा वेळी कार्यक्रमपत्रिकेवर किंवा आकाशवाणीच्या करारावर ‘आर्टिस्ट’ हा परका, लिंगभेद नसलेला शब्द आला, तेव्हा त्याचा आधार वाटला यात नवल नाही. परक्या शब्दाला आपल्याकडचा भूतकाळ नसतो, हा त्याचा दोषही आहे आणि उपकारही.

मराठीने नंतर ‘कलाकार’ हा शब्द रुळविला. येथून जवळच, सीमेपलीकडे संकेश्वरला, कन्नडात ‘कलाविद’ म्हणतात. कलाविद म्हणजे कला जाणणारा, कलावंत म्हणजे कला असलेला आणि कलाकार म्हणजे कला करणारा. जाणणे, असणे आणि करणे! यांपैकी ‘करणे’ हे आपल्या जुन्या कारूचेच कूळ आहे. शब्दाने फिरून घर गाठले, पण कारू मात्र बाहेरच राहिला.

हा वाद नुसत्या कोशाचा नाही. तो भाकरीचा आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंत यांना मानधन देण्याची योजना आपल्या राज्याने १९५४-५५ पासून चालविली आहे. २०२३ साली केंद्राने विश्वकर्मा योजना काढली. तिच्यातील अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार यांच्याबरोबर मूर्तिकारही आहे. दोन्ही योजना चांगल्या. परंतु तमासगीर एका कप्प्यात आणि दगडातून देव काढणारा दुसऱ्या कप्प्यात; एकाला म्हातारपणाचा सन्मान आणि दुसऱ्याला हत्यारांसाठी साहाय्य व कर्ज. लंडनला अडीचशे वर्षांपूर्वी ओढलेली रेघ आपल्या कचेरीच्या अर्जावर अजून उमटते आहे.

मग हा शब्द टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. ज्या शब्दाने गाणाऱ्या स्त्रीच्या माथ्यावरचे ओझे हलके केले, तो आपलाच मानावा. मात्र तो वापरताना कंजूषपणा करू नये. फ्लेक्स येण्यापूर्वी ज्यांनी आपल्या गावातील दुकानांच्या पाट्या हाताने रंगविल्या, ज्यांच्या अक्षरांच्या वेलांट्या पाहून पोरे अक्षर गिरवीत, त्यांना आपण ‘पेंटर’ म्हणूनच हाक मारली. बाबूरावांनाही कोल्हापूर तीच हाक मारीत होते. त्या हाकेत कमीपणा मानावयाचा की मोठेपणा, हे शब्दकोश ठरवीत नसतो; हाक मारणारे आपणच ते ठरवितो.