परक्या राणीचा स्वीकार

मधमाश्यांच्या वसाहतीत अंडी घालण्याचे काम एकटी राणीमाशी करते. ती म्हातारी झाली किंवा तिची अंडी घटू लागली, की मधपाळ तिला काढून तरुण राणी देतो. परंतु परकी राणी पेटीत नुसती सोडली, तर कामकरी माश्या तिच्याभोवती घट्ट गोळा करून बसतात आणि बहुधा ती त्या गोळ्यातच मरते. हा अडथळा कसा दूर झाला, याचा इतिहास बव्हंशी युरोप-अमेरिकेत घडला असला, तरी त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण हिमालयाच्या पायथ्याशी आहे.

वसाहतीची प्रमुख माशी राजा नसून मादी आहे, हे इंग्लंडच्या चार्ल्स बटलर यांनी १६०९ मध्ये ग्रंथरूपाने ठामपणे मांडले. परक्या राणीला वसाहत कशी वागवते याचे पद्धतशीर निरीक्षण मात्र जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबर यांचे. ह्यूबर अंध होते. पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी त्यांनी योजली आणि ब्यूर्नां या सहायकाच्या डोळ्यांनी ते पाहत गेले. १७९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांनुसार, जुनी राणी काढल्यावर थोड्याच वेळात दुसरी सोडल्यास माश्या तिला कोंडून धरतात, पण सुमारे २४ तास लोटल्यावर सोडलेल्या राणीचा त्या स्वीकार करतात. नव्या राणीच्या गुणांपेक्षा मधला काळ निर्णायक ठरतो, ही या विषयातील सर्वांत मोलाची नोंद म्हणावी लागेल.

या नोंदीचा सर्रास उपयोग होण्यास आणखी साठ वर्षे लागली, कारण गवताच्या टोपल्यांत पोळी कडेला चिकटलेली असत आणि राणी शोधायची म्हणजे घर मोडायचे. अमेरिकेतील धर्मोपदेशक लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ मध्ये उचलता येणाऱ्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. माश्या मेणाने किंवा डिंकाने बुजवत नाहीत एवढीच फट चौकटींभोवती ठेवल्याने प्रत्येक पोळे सुटे निघू लागले. पुढच्याच वर्षी सायलेशियातील मधपाळ झिर्झोन यांनी इटालियन माश्या मिळवल्या, आणि त्या शांत, पिवळसर वाणाच्या राण्यांना दूरदूरहून मागणी येऊ लागली.

राण्या टपालाने जाऊ लागल्या, त्या फ्रँक बेंटन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिंजऱ्यातून. लाकडाच्या लहान ठोकळ्यात तीन गोल कप्पे, वर जाळी, आत राणी व तिच्या सेवेला काही कामकरी माश्या, आणि एका कप्प्यात मधात मळलेल्या पिठीसाखरेचा घट्ट गोळा, अशी त्याची रचना असते. हा पिंजरा पोळ्यांच्या मध्ये ठेवला, की वसाहतीतील माश्या साखर खात वाट मोकळी करतात, आणि तोवर राणीचा व त्यांचा जाळीतून परिचय झालेला असतो. ह्यूबर यांनी घड्याळावर मोजलेला विलंब येथे साखरेच्या गोळ्यावर सोपवला गेला.

या विलंबाचे कारण विसाव्या शतकात उलगडले. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथील कॉलिन बटलर यांनी १९५४ मध्ये ‘राणीद्रव्य’ ही संकल्पना मांडली: राणीच्या अंगावरून चाटलेला हा पदार्थ माश्या एकमेकींना भरवतात, आणि तो कमी पडू लागला की राणी नसल्याची जाणीव वसाहतीत पसरते. अर्थात वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. फार दिवस लोटले तर वसाहत स्वतःची राणी वाढवते, किंवा कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, आणि अशी वसाहत परक्या राणीला सहसा जुमानत नाही.

भारतात युरोपीय माशी, म्हणजे ‘एपिस मेलिफेरा’, रुजवण्याचे आधीचे प्रयत्न टिकले नव्हते. १९६२ ते १९६४ या काळात कीटकशास्त्रज्ञ अटवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा भागातील नगरोटा येथे मेलिफेराच्या राण्या देशी माशीच्या, म्हणजे महाराष्ट्रात जिला सातेरी म्हणतात त्याच जातीच्या, वसाहतींत दिल्या. एका जातीची राणी दुसऱ्या जातीकडून स्वीकारली जाणे हे मोठेच धाडस होते. देशी कामकरी माश्यांनी परक्या जातीची पिल्ले वाढवली. त्या मरत गेल्या तशी त्यांची जागा राणीच्या लेकींनी घेतली आणि वसाहत पूर्णपणे मेलिफेराची झाली. उत्तर भारतातील मेलिफेरा-पालन याच नगरोट्यातून वाढले. महाबळेश्वरच्या डोंगरांत मात्र मधपाळांची माशी सातेरीच राहिली.