रोबोच्या पोटातली वेठ

रोबो म्हटलं की पत्र्याचा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या १९२० च्या चेक नाटकातले रोबो कारखान्यात रसायनांपासून घडवलेले, थेट माणसांसारखे दिसणारे मजूर होते. चापेक त्यांना ‘लाबोरी’ म्हणणार होते. ‘रोबो’ सुचवलं ते चित्रकार भाऊ योसेफ यांनी. ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने फुकट राबणं, आपली वेठच. हाब्सबर्ग साम्राज्यात ती १८४८ साली रद्द झाली. तेव्हा या शब्दातली भीती मुळात मालकीची आहे, यंत्राची नंतरची.

व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही, हा आक्षेप रास्तच. १९२८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ‘एरिक’ हा अ‍ॅल्युमिनियमचा यांत्रिक पुतळा उठून उभा राहिला, लवला, बोललाही. शब्द यंत्राला चिकटला तो अशा खेळांमुळेच. पण एरिकच्या छातीवर अक्षरं होती ‘आर. यू. आर.’! मानवजातीच्या निःपाताचं नाटक, आणि त्याचं नाव मिरवणारा पाहुण्यांच्या स्वागताला. (हौस आणि धास्ती एकाच तिकिटात.) नाटकात रोबो बंड करतात हे खरं, मात्र त्यांच्या हाती शस्त्रं देतात माणसंच, आणि नफ्यापायी त्यांचं उत्पादन थांबवत नाहीत तीही माणसंच. आपला ‘यंत्रमानव’ सुटसुटीत खरा, पण त्यात हा मालक दिसत नाही.