४२.३४ मीटर : भूमिगत काँग्रेस रेडिओ आणि अचूक मापाचा प्रश्न

#थ्रेड #इतिहास

१/ ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच काँग्रेसचे प्रमुख नेते स्थानबद्ध झाले. वृत्तपत्रांवर निर्बंध होते आणि नभोवाणी सरकारच्या ताब्यात होती. या कोंडीत मुंबईत एक गुप्त केंद्र उभे राहिले : काँग्रेस रेडिओ.

२/ २२ वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई ठक्कर, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी ही त्यामागची तरुण मंडळी. मार्गदर्शन डॉ. राममनोहर लोहिया यांचे. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी साहित्याची मदत केली, तर तांत्रिक बाजू नरिमन प्रिंटर यांनी सांभाळली. २७ ऑगस्टला पहिले प्रसारण झाले.

३/ या केंद्राच्या घोषणेत ठिकाण नसे, ‘हिंदुस्थानातील कोठूनतरी’ एवढेच सांगितले जाई. तरंगलांबी मात्र स्पष्टपणे सांगितली जाई : ४२.३४ मीटर. पत्ता लपवायचा आणि आकडा जाहीर करायचा, ही भूमिगत नभोवाणीची अपरिहार्यता होती. आकडा ठाऊक नसेल तर श्रोत्याने रेडिओची सुई लावायची कोठे?

४/ या आकड्याची उकल सोपी आहे. लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. त्यास ४२.३४ मीटरने भागले की वारंवारता येते सुमारे ७,०८० किलोसायकल. ही जागा हौशी नभोवाणीकारांच्या, म्हणजे ‘हॅम’ मंडळींच्या, ४० मीटर पट्ट्यात येते. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने या मंडळींचे परवाने रद्द केले होते.

५/ दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांना येथे मोठे महत्त्व आहे. तरंगलांबी अवघी १० सेंटिमीटर बदलली, तर वारंवारता सुमारे १७ किलोसायकलने सरकते. तेवढ्या अंतरात दुसरे एखादे केंद्र सहज बसते. प्रक्षेपक जरासा भरकटला की नेमक्या जागी सुई लावून बसलेल्या श्रोत्याच्या कानी केवळ खरखर येणार.

६/ प्रक्षेपक जागेवर आणण्यासाठी त्या काळी कोणती साधने होती? सर्वांत साधे म्हणजे शोषण-तरंगमापक : एक कॉइल, एक फिरता कंडेन्सर आणि बहुधा एक छोटा दिवा. प्रक्षेपकाजवळ धरून कंडेन्सर फिरवायचा; दिवा सर्वाधिक उजळला की तबकडीवरचा आकडा वाचायचा. साधन खिशात मावणारे, पण माप ढोबळ. १ टक्क्याची चूक म्हणजे तब्बल ७० किलोसायकल!

७/ त्याहून अचूक साधन म्हणजे हेटरोडाइन वारंवारतामापक. ते ज्ञात वारंवारतेशी तुलना करून माप देते. परंतु ते महाग, जड आणि वेळोवेळी तपासून घ्यावे लागणारे. तिसरा मार्ग क्वार्ट्झ स्फटिकाचा. ठरावीक जाडीचा स्फटिक प्रक्षेपकाला एकाच वारंवारतेवर बांधून ठेवतो. त्यात स्थैर्य मिळते, मात्र जागा बदलण्याची मोकळीक जाते.

८/ प्रयोगशाळेत अचूकता पाहून उपकरण निवडतात. भूमिगत कामात वजन, आकार आणि संशय यांचाही हिशेब करावा लागतो. १९३३ च्या कायद्यानुसार परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा होता. अशा वेळी पिशवीत मावणारे साधन अनेकदा अधिक अचूक यंत्राहून मोलाचे ठरते.

९/ जुळवणी एकदाच करून भागतही नव्हते. चौपाटीपासून महालक्ष्मीपर्यंत हे केंद्र वारंवार जागा बदलत राहिले. ४२ मीटरच्या लहरीसाठी अर्धलहर एरिअल सुमारे २० मीटर लांब लागते. भिंत, पत्रा, नळ जवळ आला की तिचे गुणधर्म बदलतात. म्हणजे जागा बदलली की एरिअल आणि प्रक्षेपक पुन्हा जुळवणे आले.

१०/ लहरींचा पल्ला किती असतो? उदाहरणादाखल कुरुंदा घेऊ. आज हिंगोली जिल्ह्यात असलेले वसमत तालुक्यातील हे गाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होते. मुंबईपासून सरळ रेषेत अंतर सुमारे ४५० किलोमीटर. जमिनीलगतची लघुलहर इतक्या दूर टिकत नाही. पण आयनमंडलावरून परतणारी लहर सायंकाळी असे अंतर ओलांडू शकते. संस्थानी सीमेवरचा नाका तिला अडवू शकत नाही.

११/ परंतु जी लहर श्रोत्याला सापडते, ती पोलिसांनाही सापडते. दिशाशोधक यंत्राची वेटोळ्याची एरिअल फिरवली की एका दिशेला आवाज लोपतो. त्यावरून प्रक्षेपकाची रेषा कळते. दोन-तीन ठिकाणांहून काढलेल्या रेषा जेथे छेदतात, तेथे प्रक्षेपक! प्रसारण जितके लांबेल तितका हा छेद पक्का होत जातो. काँग्रेस रेडिओचे प्रसारण पुढे सायंकाळच्या एकाच वेळेपुरते उरले.

१२/ ही जोखीम कशासाठी? १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी आणि चिमूर येथे जनतेचा उठाव झाला. त्यानंतर चिमूरमध्ये झालेल्या अत्याचारांची वार्ता दडपली जात होती. उषाबेन मेहता यांच्या सांगण्यानुसार ती वार्ता प्रथम देणाऱ्यांत काँग्रेस रेडिओ होता. विदर्भातील गावांची व्यथा मुंबईच्या एका खोलीतून देशाला ऐकवली गेली.

१३/ १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्रावर छापा घातला. उषाबेन यांनी पुढे सांगितले त्याप्रमाणे ठावठिकाणा फुटला तो एका तंत्रज्ञाकडून. खटल्यात बाबूभाई ठक्कर यांना ५ वर्षे, उषाबेन यांना ४ वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना १ वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी निर्दोष सुटले.

१४/ या केंद्राचे आयुष्य जेमतेम अडीच महिन्यांचे. त्याच्या इतिहासात भाषणे, पत्रके आणि खटल्याचे कागद जितके महत्त्वाचे, तितकाच ४२.३४ हा आकडाही. धरपकडीच्या छायेतही कोणीतरी रोज यंत्र त्या आकड्यावर आणून ठेवत होते, याचा तो पुरावा आहे. भारतातील परवानाधारक हॅम आजही ७,००० ते ७,२०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांशी बोलतात. ७,०८० ची जागा त्यातच आहे.