सोन्याच्या शोधांत सांपडलेली पांढरी माती
(नभोवाणीवरील भाषण)



लोणच्याची बरणी आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं असेल. तिला आपण चिनी मातीची बरणी म्हणतों. चहाच्या कपबशीलाही तेंच विशेषण लावतों. वास्तविक या दोन वस्तूंची जात एक नव्हे. बरणी दिव्यासमोर धरली तर तिच्यांतून उजेड येत नाहीं; उत्तम प्रतीचा कप धरला तर पलीकडच्या बोटांची सावली आंतून दिसते. या दुसऱ्या जातीला युरोपांत पोर्सेलीन म्हणतात. ती करण्याची विद्या चीनमध्यें हजारएक वर्षें नांदत होती. युरोपाला मात्र अठराव्या शतकापर्यंत ती साधली नव्हती. ती तेथें कशी उगवली आणि तिच्यासाठीं कोणीं काय मोजलें, तें आज सांगावयाचें आहे.

चीनमधील जिंगदेझेन येथील निळ्या नक्षीचीं पांढरीं भांडीं पोर्तुगीज जहाजांतून गोव्यावरून लिस्बनला जात. पुढें डच व्यापाऱ्यांनीं तीं अधिक प्रमाणांत नेलीं. युरोपांतील कारागिरांनीं नक्कल करून पाहिली. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यानें सोळाव्या शतकांत मातींत कांचेचा अंश मिसळून कांहीं भांडीं काढलीं. परंतु तो कस त्यांना आला नाहीं. चिनी कुंभाराची युक्ति निराळी होती. केओलिन नांवाची, प्रखर आंचेंतही न वितळणारी पांढरी माती घ्यावयाची, तिच्यांत वितळून तिला बांधून ठेवील असा दगड कुटून मिसळावयाचा, आणि सुमारें १३०० अंशांपर्यंत भट्टी चढवावयाची.

सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला या भांड्यांचें विलक्षण वेड होतें. १७१७ सालीं त्यानें आपले ६०० सैनिक प्रशियाच्या राजाला दिले आणि मोबदल्यांत १५१ चिनी भांडीं घेतलीं. एका भांड्याला चार माणसें, असा तो हिशेब पडतो. त्या भांड्यांतील कांहीं मोठे कलश ड्रेस्डेनच्या संग्रहांत आजही आहेत.

याच राजाच्या हातीं आणखी एक माणूस सांपडला होता. योहान फ्रीडरिख बॉट्गर याचा जन्म १६८२ चा. बर्लिनमध्यें एका औषध करणाऱ्याच्या दुकानांत तो उमेदवारी करी. हा मुलगा किमयेनें सोनें करतो, अशी त्याची ख्याति झाली. प्रशियाच्या राजाला तो हवासा झाला, तेव्हां १७०१ सालीं बॉट्गर पळून शेजारच्या सॅक्सनींत शिरला. पैशाची निकड ऑगस्टसलाही होतीच. त्यानें आश्रय दिला, तो पहाऱ्यांत! त्या वेळीं बॉट्गरचें वय एकोणीस वर्षांचें होतें. १७०३ सालीं तो ऑस्ट्रियांत निसटला. त्याला पकडून परत आणण्यांत आलें. सोनें कांहीं होईना, आणि कैद सुटेना.

अशा वेळीं त्याला चिर्नहाउस नांवाच्या विद्वानाची जोड मिळाली. चिर्नहाउस गणिती होता. मोठमोठ्या भिंगांनीं व आरशांनीं सूर्यकिरण एकवटून तो निरनिराळ्या माती वितळवून पाहत असे. त्याच्या देखरेखीखालीं बॉट्गर मातीच्या प्रयोगांकडे वळला. फ्रायबर्गच्या खाणींतील भट्टीची माहिती असलेलीं माणसें मदतीला होतीं. प्रथम तांबड्या रंगाचें, दगडासारखें कठीण भांडें निघालें. पुढें ड्रेस्डेनच्या तटबंदींतील प्रयोगशाळेंत, १५ जानेवारी १७०८ च्या टिपणांत, पांढरी माती आणि अलाबास्टर नांवाचा मऊ दगड यांच्या मिश्रणाचीं प्रमाणें नोंदलेलीं आढळतात. कोडें सुटलें होतें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत चिर्नहाउस वारला. या शोधाचें श्रेय दोघांपैकीं कोणाचें, याविषयीं वाद आहे; माझ्या मतें तें वांटून देणेंच न्याय्य.

१७१० च्या जानेवारींत राजानें कारखान्याची घोषणा केली, आणि तो माइसेन गांवच्या टेकडीवरील किल्ल्यांत बसविला. गुपित राखण्यास किल्ल्याइतकी सोयीची जागा कोणती? बॉट्गरला १७१४ सालीं मोकळीक मिळाली. पण सॅक्सनी सोडावयाची नाहीं, ही अट होतीच. इतकें करूनही गुपित फुटलें. माइसेनमधील माणसें फितवून १७१८ सालीं व्हिएन्नांत दुसरा कारखाना निघाला. १७१९ च्या मार्चमध्यें बॉट्गर वारला. वय अवघें सदतीस वर्षांचें.

जुन्या वस्तूंचा ज्यांना शोक आहे, त्यांना येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. माइसेनच्या भांड्याच्या तळाशीं दोन तरवारींची निळी फुली असते, एवढें पुष्कळांना ठाऊक असतें. पण ती खूण १७२२ च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे बॉट्गरच्या हयातींतील भांड्यांवर ती असणारच नाहीं! उलट, पुढें अनेक कारखान्यांनीं ती खूण बिनदिक्कत उचलली. तेव्हां केवळ खुणेवर भरंवसा ठेवणारा दोहींकडून फसतो. भांडें उजेडासमोर धरावें, तळाची कड पाहावी, मातीचा रंग व लुकणाची जाडी न्याहाळावी. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत टाटा बंधूंनीं जमविलेलीं चिनी व जपानी भांडीं आहेत. डोळा तयार करण्यास तीं उत्तम.

शेवटीं एक कबुली देतों. मीं अनेक वर्षें शाळेंत इतिहास शिकविला. ऑगस्टस राजाचें नांव माझ्या तोंडीं येई तें स्वीडनशीं झालेल्या त्याच्या लढायांपुरतें. त्या लढायांत तो हरला, हें मुलांनीं पाठ केलें आणि परीक्षेंत लिहिलें. ज्या कैद्याच्या भट्टींतून निघालेली विद्या आज जगभर चालते, त्याचें नांव मीं एकदांही फळ्यावर लिहिलें नाहीं. परीक्षेंत तें विचारीत नसत, एवढेंच त्याचें कारण. सुंदर वस्तु हातीं आली कीं आपण तिचें वय विचारतों, किंमत विचारतों. तिच्यासाठीं कोण कोंडला गेला, हेंही विचारावें. आतां पुन्हां वर्गावर जाण्याचा योग नाहीं. म्हणून तें राहिलेलें नांव आज आपल्याला सांगितलें, आणि आपली रजा घेतों.