शेळीचा पाला आणि पाचक औषधी : परभणी परिसराच्या निमित्ताने

दुभत्या शेळ्यांच्या खुराकात ओवा, सुंठ, मेथी, हळद यांसारखी वनस्पतिजन्य द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळून त्यांचे पचन सुधारावयाचे, या प्रयोगांस पशुवैद्यकात अलीकडे बरेच महत्त्व आले आहे. त्यांची ओळख करून देताना ‘ही तर आपली प्राचीन विद्या’ असे विधान सर्रास केले जाते. ते कितपत टिकते, हा इतिहासाचा प्रश्न होय. परंतु लिखित साधने अपुरी पडली की शब्दांची साक्ष काढावी लागते. म्हणून भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

प्राचीन पशुवैद्यकाची परंपरा समृद्ध आहे खरी. परंतु तिचा ओघ राजाच्या पागेकडे व पीलखान्याकडे वाहतो. शालिहोत्राच्या नावावर अश्वशास्त्र आहे, पालकाप्याच्या नावावर हस्त्यायुर्वेद आहे. गाईबैलांच्या चिकित्सेस अग्निपुराणाने जागा दिली आहे. घोड्यांच्या वैद्यास हिंदुस्थानीत ‘सलोतरी’ म्हणत, तो शब्दही शालिहोत्रावरूनच आलेला. या मालिकेत शेळीच्या नावाचा त्या तोलाचा ग्रंथ नाही. शेळी ही धनगराची, भूमिहीन मजुराची आणि बहुधा घरातील बाईची. ग्रंथकारास पोसणारा आश्रयदाता तिच्यामागे नव्हता.

आयुर्वेदात शेळी प्रामुख्याने येते ती रुग्ण म्हणून नव्हे, दुधासाठी. आणि येथेच एक मार्मिक गोष्ट हाती लागते. शेळीचे दूध गुणकारी का, याची कारणे सुश्रुतसंहितेत दिली आहेत व वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही त्याच आशयाचे विवेचन आहे : शेळी पाणी थोडे पिते, हिंडते फार, आणि ‘कटु’ व ‘तिक्त’ पदार्थ खाते. आजच्या मराठी वाचकाची येथे हटकून फसगत होते. संस्कृत ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत ‘कटुक’पासून ‘कडू’ झाला आणि त्याने तिक्ताचा अर्थ बळकावला. तेव्हा ‘कटु’ वाचून लिंबाच्या पाल्याकडे बोट दाखवणारा भाष्यकार चुकतो. कटुवर्गात सुंठ-मिऱ्यांसारखी तिखट द्रव्ये येतात. शब्दार्थाचा हा पालट ध्यानी न घेता जुन्या वचनांवरून नवी चूर्णे सिद्ध करू पाहणे धोक्याचे आहे. शिवाय या वचनांत शेळीला कोणी काही घालीत नाही. ती स्वतःच निवडून खाते.

बोलीची साक्ष निराळी आहे. ‘रवंथ’ हा शब्द ‘रोमन्थ’ याचेच रूप. कालिदासाच्या शाकुंतलात हरिणांच्या कळपासंबंधी आलेला हा शब्द आज परभणीच्या गोठ्यातही अंगचाच वाटतो. ‘काढा’ हा ‘क्वाथ’पासून, ‘कढणे’ व ‘कढी’ यांचा सोयरा. पोटफुगी झाली की जनावरास गोडे तेल पाजणे, त्यात हिंग, ओवा, सुंठ घालणे ही घरगुती रीत. तेलाने पोटातील फेस मोडतो व कोंडलेला वायू सुटतो, हे आधुनिक शास्त्रासही मान्य आहे. पण हा उपचार झाला, नित्याचा आहार नव्हे. नित्याचे ते आंबोण : सरकी, पेंड, चुणी, कोंडा, आणि ते मुख्यतः गाईम्हशींच्या वाट्याचे.

परभणी परिसरात पाळली जाणारी शेळी प्रामुख्याने उस्मानाबादी. (जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये धाराशिव झाले तरी शेळीचे जुनेच राहिले.) ती मुख्यतः मांसासाठी पाळतात, दूध करडांना आणि घरच्यांना. बाभूळ, बोर, लिंब, बांधावरची झुडपे हे तिचे भोजन. मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीत 1972 मध्ये स्थापन झाले. तेथील पशुवैद्यक महाविद्यालयही त्याच वर्षीचे, आणि पुढे ते नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे गेले. याच काळात गायराने आकसत गेली, आणि बंदिस्त शेळीपालनाचा पुरस्कार होऊ लागला. गव्हाणीशी बांधलेल्या शेळीला निवड उरली नाही. रानात जे ती दहा झाडांवरून ओरबाडून घेई, तेच आता पुडीतून द्यावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नव्या संशोधनास चालना मात्र निराळ्या दिशेने मिळाली. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण बंदी घातली आणि वनस्पतींकडे सर्वांचे लक्ष वळले. ओव्यातील थायमॉल कोठीपोटातील काही जंतूंना आवर घालते. सॅपोनिने तेथील आदिजीव कमी करतात. टॅनिने प्रथिनांस बांधून ठेवतात, आणि त्यामुळे ती कोठीपोटात न कुजता पुढे आतड्यात उपयोगी पडतात. टॅनिन फार झाले तर मात्र तीच प्रथिने पचत नाहीत आणि शेळी चाऱ्याला तोंड लावीनाशी होते.

म्हणून सारा प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि त्याबाबत जुने शब्द फारसे बोलत नाहीत. प्रयोगशाळा दर किलो खाद्यामागे ग्रॅम मोजते. घरगुती औषधात ओव्याचे माप चिमूट, मेथीचे मूठ. बाभळीच्या शेंगांना तर मापच नव्हते. त्या झाडाखाली पडत आणि शेळी पोटाला मानवतील तेवढ्या वेचून पुढच्या झुडपाकडे जाई.